मुक्तद्वार या शब्दाचा अर्थ

सोमवार, २१ एप्रिल २०२५, सकाळी साडेदहा. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. फोनवर संदेश आला : "सर, काम झाले. आशीर्वाद असावा." खाली एक निळी ओळ होती. तिच्यावर बोट ठेवले की पुस्तक उघडते, एवढे मला ठाऊक होते.

संदेश पाठवणारा माझा जुना सहकारी. आज तो एका मोठ्या शहरातील संशोधन संस्थेच्या ग्रंथालयाचा प्रमुख आहे. पूर्वी तो आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात माझ्या हाताखाली होता. मी तेथे ग्रंथपाल होतो. निवृत्त होईपर्यंत दुसरी नोकरी केली नाही.

मी निळ्या ओळीवर बोट ठेवले. मुखपृष्ठ दिसले. पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यात पाण्याचा डाग, मध्ये गायन मंडळाचे नाव आणि त्याखाली शाहिराचे. त्या मुखपृष्ठावर आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का मी स्वतः मारला होता. पडद्यावरच्या चित्रात तो नव्हता. संस्थेचे नाव मात्र फिकट, तिरक्या अक्षरांत होते आणि ते शाहिराच्या नावावरून आडवे गेले होते. मी पान उलटले. प्रस्तावनेचे पहिले पान आले. आणखी एक पान उलटले तेव्हा पाटी आली : पुढील वाचनासाठी सदस्य-संस्थेमार्फत प्रवेश करावा. तिच्याखाली दोन रिकाम्या चौकटी.

फोन बंद करून पुन्हा उघडला. पाटी तीच होती.

हे पुस्तक म्हणजे वाशीमच्या एका छापखान्यात फार पूर्वी छापलेली गाण्यांची पुस्तिका. पाठीला पिना मारलेल्या, त्याही गंजलेल्या. शाहीर रिठदकडचा शेतमजूर होता. धर्मांतरानंतरच्या वर्षांत तो आपले मंडळ घेऊन गावोगाव गात हिंडला. त्याच्या गाण्यांचे एवढेच छापील रूप निघाले, आणि त्याची दुसरी प्रत मला कोठेही आढळली नाही. शोध मी पुष्कळ घेतला होता.

ही एकमेव प्रत पूर्वी त्याच्या मुलीजवळ होती. ती लग्न होऊन आमच्या गावात आली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबली. आता सत्तरी ओलांडली आहे, तरी दोन एकरांचे वावर स्वतः पाहते. मी तिला बाई म्हणतो. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती मला भाऊ म्हणते. मी माळ्याच्या घरचा. माझे भाऊ वांगी-मेथीच्या गाड्या वाशीमच्या बाजारात नेत, आणि मी पुस्तकांत बसलो म्हणून मला हसत. बाई कधी हसली नाही.

यंदा बुद्धपौर्णिमेला विहारातल्या मुलींनी शाहिराचे मोठे गाणे म्हणावे, असे बाईने ठरवले होते. गाणे विहिरीचे. तिच्या गावची विहीर सर्वांना खुली झाली त्या दिवसाचे. बाईला त्याची सुरुवात पाठ होती. पुढचे ती विसरली होती. तिच्या बरोबरीने ते गाणे म्हणणाऱ्या बाया एकेक करून गेल्या होत्या. पुढचे आता फक्त पुस्तिकेत होते, पुस्तिका शहरात होती आणि पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती.

पुस्तिका शहरात कशी गेली, ते सांगितले पाहिजे.

एका ग्रंथालयाने दुसऱ्याला पुस्तक उसने देणे, याला आमच्या व्यवसायात आंतरग्रंथालयीन देवघेव असे भारदस्त नाव आहे. आम्ही तिला पिशवी म्हणत असू. अनसिंगपासून इकडे आमच्यापर्यंत काही गावांची वाचनालये त्यात होती. एखाद्या वाचकाला हवे असलेले पुस्तक आपल्याकडे नसले, तर जेथे असेल तेथून मागवायचे. जाड खाकी कापडाची पिशवी ओळखीच्या एस.टी. कंडक्टरच्या हाती द्यायची. तो ती स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत ठेवी, आणि तिकडचा ग्रंथपाल सायकलीवर येऊन घेऊन जाई. नियम एकच होता : पिशवी रिकामी परत जायची नाही. पुस्तक मागणाऱ्याने त्याच तोलाचे आपले एक पुस्तक उलट पाठवायचे. मूळ पुस्तक घरी येईपर्यंत ते देणाऱ्याकडे राही. त्याला आम्ही जामीन म्हणत असू. हा नियम कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. विरजणाचे भांडे शेजारणीला रिकामे परत करीत नाहीत, त्यावरून तो निघाला असावा. आमची पुस्तके गेली ती उंदरांमुळे आणि गळक्या छपरामुळे. पिशवीत गेलेले पुस्तक बुडाल्याचे मला आठवत नाही.

तो सहकारी कारंजा तालुक्यातून, धनजच्या बाजूने आमच्याकडे आला, तेव्हा पिशवी बांधणे हेच त्याचे पहिले काम होते. हुशार होता. गाठ पक्की मारी. दोन वर्षे तो माझ्या घरी जेवला. त्याचे लग्न ठरताना मुलीकडच्यांनी माझ्याकडे चौकशी केली, तेव्हा मुलगा शब्दाचा आहे असे मी सांगितले. मी असे सहसा कोणाबद्दल सांगत नाही.

त्याला मी आणखी एक गोष्ट शिकवली, तीही नमूद करतो. आरंभी आमच्या वाचनालयात कपाटांना कुलपे असत. वाचकाने खिडकीशी उभे राहून नाव सांगायचे आणि आम्ही पुस्तक काढून बाहेर द्यायचे. बाई तेव्हा तरुण होती, चौथीपर्यंत शिकलेली, आणि वाचायला येत असे. एकदा खिडकीतून पुस्तक घेताना ती म्हणाली, "भाऊ, हे तं वरून पानी वाढल्यावानी झालं." तिच्या माहेरी पूर्वी पाणी कसे मिळत होते, ते मला ठाऊक होते. त्यानंतर मी समितीशी भांडून कपाटे उघडी केली. चोऱ्या होतील, असे समितीचे म्हणणे होते. झाल्या, थोड्या. या पद्धतीला मराठीत मुक्तद्वार म्हणतात, इंग्रजीत ओपन अ‍ॅक्सेस. माझ्या परीक्षेला तो प्रश्न होता. सहकाऱ्याला मी तो एका वाक्यात समजावला होता : वाचकाचा हात थेट पुस्तकाला लागला पाहिजे, मध्ये आपण नको.

गेल्या दिवाळीत तो गावाकडे आला, मला भेटला आणि पुस्तिकेबद्दल बोलला. ती तोवर वाचनालयात आली होती. बाईच्या घरी वाळवी लागली, तेव्हा माझ्या सांगण्यावरून बाईने ती वाचनालयाला दिली होती. घरात एक जण वाचील, येथे गाव वाचील, असे मी तिला म्हणालो होतो. परंतु कागद इतका ठिसूळ झाला होता की गावातल्या झेरॉक्सच्या यंत्रावर ती उलथी दाबली असती तर तुकडे हाती आले असते. त्याच्या संस्थेत वरून छायाचित्र घेणारे यंत्र होते. पुस्तकाला धक्का लागत नाही. तीन महिन्यांसाठी पुस्तिका द्यावी, प्रत करून परत पाठवतो, आणि ती प्रत इंटरनेटवर सर्वांना खुली ठेवतो, असे तो म्हणाला. मी म्हणालो, बाईला विचार.

आम्ही दोघे तिच्या अंगणात गेलो. तिने नीट ऐकून घेतले.

"म्हंजे माया नातीच्या फोनवर दिसंन?"

"नातीच्या काय, अमेरिकेतल्या माणसाच्या फोनवर दिसेल, आजी. ओपन अ‍ॅक्सेस."

"अमेरिकेतल्याले दाखवून कायले? आमच्या विहारातल्या पोट्ट्याइले दाखव."

तो हसला. बाई माझ्याकडे वळली आणि तो काय म्हणून राह्यला, असे तिने विचारले. मी म्हणालो, "मुक्तद्वार." हा शब्द तिला आमच्या उघड्या कपाटांपासून ठाऊक होता.

"मंग न्या," ती म्हणाली.

मी पुस्तिका नव्या कापडात बांधून दिली. जामीन मागितला नाही. तो माणूस घरचा होता.

त्या सोमवारी मी त्याला लगेच फोन केला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला. आवाजात आनंद होता.

"पुस्तक उघडत नाही," मी म्हणालो.

उघडते, असे त्याने सांगितले. फक्त आमच्या वाचनालयाकडे सदस्यत्व नाही. पुस्तिकेचा एक संपादित ग्रंथ संस्था काढणार आहे, त्याची प्रस्तावना तो स्वतः लिहीत आहे, आणि ग्रंथ बाहेर पडेपर्यंत मूळ पाने सदस्य-संस्थांपुरती ठेवावी असे ठरले आहे. भाषाही थोडी शुद्ध करून घेतली आहे, म्हणजे राज्यभरच्या वाचकाला अडचण पडणार नाही. हे सर्व तो माझ्याकडून शाबासकीची अपेक्षा असल्यासारखा सांगत होता.

मी विचारले, "ओपन अ‍ॅक्सेस म्हणाला होतास. त्याचे काय?"

"आहे ना, सर. मूळ प्रत आमच्या वाचन-हॉलमध्ये मुक्तद्वार विभागात ठेवली आहे. कोणीही यावं, कपाटातून काढावं, बसून वाचावं. वाचकाचा हात थेट पुस्तकाला लागतो. तुमचीच व्याख्या आहे."

शब्द त्याने बदलला नव्हता. माझाच शब्द त्याने मला परत दिला होता, आणि तो अचूक होता.

मग मी कामाचे विचारले. विहिरीच्या गाण्याची तेवढी पाने हवी आहेत, बाकीची नकोत. दूरच्या वाचकाला हव्या त्या पानांची नक्कल पाठवणे ही ग्रंथालयाची जुनी सेवा आहे. तिला प्रलेख पुरवठा म्हणतात. एका शिक्षकासाठी एका लेखाची पाने मी शाईने उतरून पोस्टाने पाठवली होती, आणि पाकिटावर तिकीट यानेच चिकटवले होते. तो म्हणाला की मागणी सदस्य-ग्रंथालयामार्फत यावी लागते. नियमाला तो तरी काय करणार. हॉलमध्ये छायाचित्र घेता येत नाही, शाईचे पेनही नेता येत नाही, पेन्सिलीने उतरून घेण्यास हरकत नसते.

"मग पुस्तिका परत पाठव," मी म्हणालो. "मुदत केव्हाच संपली."

येथे त्याचा आवाज प्रथमच खाली आला.

"सर, ती आता उसनी नाही. तुमच्या समितीनं संस्थेला भेट दिली. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मी फोन ठेवला, टोपी घातली आणि सचिवाकडे गेलो.

वाचनालयाचा सचिव बियाणे आणि खतांचे दुकान चालवतो. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. वाचक म्हणून नव्हे. दुकानात दोन शेतकरी फवाऱ्याच्या पंपाची घासाघीस करीत होते. त्याने मला खुर्ची दिली आणि थंड मागवू का, असे विचारले. मी उभाच राहिलो आणि पुस्तिका भेट का दिली, असे विचारले. त्याला प्रश्नाचे नवल वाटले.

"सर, तुमच्याच चेल्यानं फोन केल्ता. म्हणे, सराइचीच इच्छा हाय, पुस्तक कायमचं संस्थेत राहावं. पण ते तोंडानं म्हणाचे नाईत, तुमाले त्याइचा सोभाव मालूमच हाय. म्हनून म्या तुमाले इचारलं बी नाई. म्हटलं, उगा अवघडतीन."

मी त्याला हे दुसऱ्यांदा सांगायला लावले. त्याने तेच, त्याच शब्दांत सांगितले. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्यांदा काही तरी बदलतो. याने बदलले नाही.

पुढे तो म्हणाला की संस्थेने बदल्यात दोन कॉम्प्युटर पाठवले आहेत. एका फाटक्या चोपड्याच्या बदल्यात सौदा वाईट नाही. पंप पाहणाऱ्यांपैकी एक हसला आणि म्हणाला, "सर, आता तुमी बी शिकून घ्या कॉम्प्युटर. मंग चेला तुमाले नोकरीले ठेवंन." दुसऱ्याने विचारले की कॉम्प्युटर चालू झाले काय. सचिवाने सांगितले की खोकी अजून उघडलेली नाहीत. त्या खोलीत विजेचे बटण नाही.

मी कमी बोलतो, हे खरे आहे. वडीलही असेच होते. ज्याला बोलायचे ते करून दाखवावे, असे आमच्या घरी मानीत. या सवयीचा उपयोग कोणी असा करील, हे मला कधी सुचले नव्हते. मी गप्प राहतो, म्हणून माझ्या नावाने कोणीही बोलावे. आणि ऐकणाऱ्याने, हा गप्पच राहणार म्हणून, मला विचारू नये. दोघांनी मिळून माझ्या मौनाची सही घेतली होती. सचिवावर मला राग आला नाही. त्याने पुस्तिका कधी उघडलीही नसेल. सहकाऱ्याने मात्र ती ओळ न् ओळ वाचली होती.

ऊन चढले होते. बाईकडे जायचे टाळता आले असते. पाणी पिऊन निघालो.

ती अंगणात बाजेवर लुगडे अंथरून मुगाच्या वड्या घालीत होती. हात पिठाने भरलेले होते. जय भीम झाले. तिने मान वर करून मला पाहिले आणि म्हणाली, "काहून भाऊ, एवढ्या उनात? कोनी मेलं काय?"

नाही, मी म्हणालो, आणि सकाळपासूनचे सर्व सांगितले. पाटी, हॉल, भेट, माझे नाव. काही लपवले नाही आणि काही वाढवले नाही. ती ऐकता ऐकता वड्या घालीत होती. ओळ सरळ चालली होती.

"जामीन काय ठेवलं व्हतं?" तिने विचारले.

"काही नाही."

"काहून?"

"माणूस आपला होता."

"मंग तोच जामीन व्हता म्हना की. पयून गेला तुमचा जामीन."

ती स्वतःच थोडी हसली. मी हसलो नाही. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"भाऊ, म्या पुस्तक तुमाले देल्लं. त्याले नाई देल्लं."

मी मान हलवली.

मग एक गोष्ट राहिली होती ती सांगितली : ग्रंथात भाषा शुद्ध करून घेतली आहे. मला ती किरकोळ वाटली होती. व्याकरण मला प्रिय आहे, आणि पुस्तिकेतले कित्येक शब्द वाचताना माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला आहे, हेही खरे. बाई मात्र एवढा वेळ शांत होती, ती येथे तापली.

"सुद्ध? कायचं सुद्ध? आमचं पानी इटाळलं म्हनत व्हते, ते इहीर खुली केली माया बापानं. आता त्याच्या बोलन्याले इटाळ लागला काय?"

नातसून चुलीपाशी होती. ती दारात येऊन उभी राहिली. बाईने तिला हाताने आत जायला सांगितले आणि गाणे म्हणू लागली. आवाज थकला आहे, पण ताल सुटला नाही. गावातल्या बाया घागरी घेऊन निघतात, वाटेत लोक थांबून पाहतात, पुढची बाई काठावर उभी राहते. "दोर सोडला इहिरीत, बाई, दोर सोडला इहिरीत," असे दोनदा म्हणून ती थांबली. पुन्हा तेथपासून म्हणाली, पुन्हा थांबली. मांडीवर हाताने ठेका चालूच होता.

"याच्या म्होरं घागर वर येते," ती म्हणाली. "काय घेऊन येते, तेच आठोत नाई. नुस्तं पानी नव्हतं."

मी विचारले की त्याच चालीत मुलींना दुसरे काही बांधून देता येणार नाही काय. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी प्रश्न तेथेच सोडला.

"ते मुक्तद्वार कुठी हाय म्हने?"

मी पुन्हा सांगितले. शहरात. दिवसभराची एस.टी. कोणीही जाऊन वाचू शकतो. छायाचित्र नाही, शाई नाही, पेन्सिल चालते.

"मंग दार उघडं हाय नं. चालत जानाऱ्याले." ती उठू लागली. "म्या येते."

तिचे गुडघे विहाराच्या पायऱ्याही चढू देत नाहीत. मी म्हणालो, तू राहा, मी जातो. सगळी पुस्तिका उतरून घेतो, एक गाणे नव्हे. दोन दिवस लागतील, तीन लागतील. तिने लगेच होकार दिला नाही. माझ्याकडे नीट पाहिले; माणूस मजूर लावण्यापूर्वी पाहतो तसे.

"जा. पन एक सांगते. बापाची भाषा सुधरू नोका. त्यानं 'पानी' लिवलं असंन तं तुमी 'पानी'च लिवा. तुमाले सवय हाय, भाऊ. म्या पाह्यलं हाय, बोर्डावरचं बी तुमी खडूनं दुरुस्त करता."

"जसे आहे तसे उतरीन," मी म्हणालो.

"वाचून दाखवताना बी."

"वाचतानाही."

तेव्हा ती पुन्हा वड्यांकडे वळली.

परतताना मी स्टँडवर गेलो. कंट्रोलरने पहाटेची गाडी सांगितली. ती अकोल्यापर्यंत जाते, पुढे बदलावी लागते. स्टेशनरीच्या दुकानातून रेघांच्या तावांचे दोन जाड दस्ते, पेन्सिली आणि रबर घेतले. रबर पुन्हा काढून दुकानदाराला परत केले. खोडण्यासारखे काही लिहायचे नव्हते.

संध्याकाळी विहारावरून आलो. आत मुलींची तालीम चालली होती. पहिली दोन कडवी त्यांना चांगली बसली होती. दोर इहिरीत सोडला आणि गाणे थांबले. कोणी तरी खुदकन हसले, आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

घरी येऊन सहकाऱ्याला दोन ओळी पाठवल्या. उद्या येत आहे. पुस्तिका हॉलमध्ये असावी. त्याचे उत्तर ताबडतोब आले : "सर, माझं भाग्य. उतरायला घरीच या. हिने आत्ताच पुरणाचं ठरवलं." त्याच्या पत्नीने माझ्या हमीवर त्या घरात पाऊल टाकले, हे तिला ठाऊक आहे. बहुधा तिला बाकीचे काही ठाऊक नसावे. मी त्या उत्तराला उत्तर दिले नाही. शहरात स्टँडजवळ एक धर्मशाळा आहे. खाट आणि नळ असला की मला पुरते.

त्याच्याशी भांडायचे काय, याचा विचार मी जेवताना केला. त्याने कायद्याने काही मोडले नाही. समितीचा ठराव आहे, भेट आहे, हॉल खुला आहे, शब्दाचा अर्थ बरोबर आहे. भांडलो तर तो हात जोडील, पाया पडेल, आणि पुस्तिका मला दाखवताना पानांवर स्वतःचा हात ठेवील. त्यापेक्षा मी अनोळखी वाचकासारखा जाईन, नोंदवहीत सही करीन आणि कपाटापर्यंत स्वतः चालत जाईन. मी आल्याचे कळले की तो येऊन समोर उभा राहील. तेव्हा मान वर करायची नाही, एवढे ठरवले.

पिशवीत एक धोतर, पंचा, ताव आणि पेन्सिली घातल्या. चष्म्याच्या डाव्या दांडीचा स्क्रू सैल झाला होता, वाकून लिहिताना चष्मा नाकावरून घसरला असता. सुरीच्या टोकाने स्क्रू आवळला.